डॉक्टर झीबोल्ट आणि त्याची सावलीतली झाडे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, असा प्रघात आहे. आजवरची बहुतेक चरित्रे आपल्याकडच्या कर्तबगार स्त्रियांची झाली, आणि ते योग्यच झाले. यंदा हे काम माझ्याकडे आले तेव्हा मी एका परक्या देशातल्या पुरुषाचे नाव सुचविले. कार्यकारिणीतल्या भगिनी जरा चकितच झाल्या. म्हणून हा माणूस मला कोठे भेटला ते आधी सांगते.

गेल्या उन्हाळ्यात मी मुलीकडे हॉलंडात, हेग शहरी, दोन महिने राहून आले. तिच्या घरामागे लहानसे अंगण आहे. ते उत्तरेच्या बाजूस, आणि त्यावर शेजारच्या बीच वृक्षाची गर्द सावली. अशा जागी आपल्याकडे अळू किंवा नेचे लावतात, नाही तर ती जागा मोकळी सोडून देतात. तेथे मात्र एक झाड असे फोफावले होते की पाहतच राहावे. खोड नाही, फांदी नाही. जमिनीतूनच देठ निघालेले आणि त्यावर अळूच्या पानाच्या तोलाची जाड, सुरकुतलेली पाने. मधला रंग निळसर हिरवा, आणि भोवती पिवळ्या रंगाचा वेडावाकडा पट्टा, जणू साडीचा काठच. सगळे बेट चार-साडेचार फूट रुंद होते. मुलगी म्हणाली की याला होस्टा म्हणतात, आणि हे झाड घराच्या आधीच्या मालकांपासूनचे आहे. कुंपणापलीकडच्या वृद्ध बाईंनी त्यात भर घातली. या झाडाचे पूर्वज जपानातून आले, आणि ते आणणारा डॉक्टर येथून जवळच लायडनला राहत असे. लायडन तेथून आगगाडीने जेमतेम पंधरा मिनिटांवर. दुसऱ्याच आठवड्यात मी मुलीला घेऊन गेले.

या डॉक्टरचे पूर्ण नाव फिलिप फ्रान्ट्स फॉन झीबोल्ट. जन्म १७ फेब्रुवारी १७९६ चा, जर्मनीतील व्युर्ट्सबुर्ग शहरी. घराणे वैद्यांचे, आजोबा, वडील, चुलते सारे वैद्यकीचे प्राध्यापक. मूल दोन वर्षांचे होण्याच्या सुमारासच वडील वारले. मग आईने आणि पाद्री असलेल्या मामाने त्याला वाढविले. विद्यापीठात वैद्यक शिकत असताना त्याला ज्या प्राध्यापकांच्या घरी राहावयास मिळाले त्यांना वनस्पतींचा मोठा नाद होता, आणि तो नाद या मुलाच्या अंगी शिरला तो कायमचा. १८२० साली तो डॉक्टर झाला. जवळच्या गावी दवाखाना मांडला, पण मन रमेना. १८२२ मध्ये त्याने डच सरकारच्या सैन्यात शल्यवैद्याची नोकरी धरली, आणि तो जावा बेटाकडे निघाला.

तेथून त्याला धाडण्यात आले जपानला. त्या काळचे जपान कसे होते ते सांगितल्याशिवाय पुढची हकीगत कळावयाची नाही. शोगुनांचे राज्य होते आणि देशाची दारे बंद होती. युरोपियनांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना मुभा, आणि तीही केवळ नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा नावाच्या बेटावर राहण्यापुरती. हे बेट समुद्रात भर घालून केलेले, पंख्याच्या आकाराचे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जावयास दोन मिनिटे पुरावीत एवढेच. किनाऱ्याशी जोडणारा एक पूल आणि पुलावर पहारा. तेथे जपानी माणूस सहज जाऊ शकत नसे आणि डच माणूस सहज बाहेर येऊ शकत नसे.

१८२३ च्या ऑगस्टमध्ये झीबोल्ट तेथे उतरला आणि पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली. जपानी दुभाष्यांचे डच भाषेचे ज्ञान चांगले होते. याचे उच्चार ऐकून त्यांना संशय आला, कारण हा जर्मन होता आणि जर्मनांना बंदी होती. तेव्हा त्यांना असे सांगण्यात आले की हा डोंगराळ मुलुखातला डच आहे, म्हणून याची बोली निराळी. हॉलंडात डोंगर औषधालाही नाही, पण दुभाष्यांना ते कोठून ठाऊक असणार! असो. डॉक्टर आत आला.

आणि त्याच्या हाताला गुण होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तो करी. जपानी वैद्य त्याच्याकडे शिकावयास येऊ लागले, आणि त्याची कीर्ती एवढी झाली की १८२४ मध्ये त्याला बेटाबाहेर, नारुताकी नावाच्या वाडीत, शाळा उघडण्याची परवानगी मिळाली. परकीयासाठी ही सवलत अपूर्वच. देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण वैद्य तेथे आले. झीबोल्ट कोणाकडून फी घेत नसे. रोगी आणि शिष्य मानधन म्हणून वस्तू आणून देत, आणि त्याला कोणत्या वस्तू प्रिय हे सर्वांना लवकरच कळले. कोणी डोंगरातली रोपे आणी, कोणी बी-बियाणे, कोणी वाळवलेली फांदी. शिष्यांना तो जपानातल्या चालीरीती, शेती, चहा, औषधे यांवर डच भाषेत निबंध लिहावयास लावी. ते त्यांचे शिक्षणही झाले आणि त्याच्या ग्रंथाची सामग्रीही. देजिमावर त्याने स्वतःची बाग केली. कावाहारा केइगा नावाचा चित्रकार त्याच्यासाठी पानफूल हुबेहूब रंगवून देई. चहाचे बी १८२६ साली त्याने जावाला धाडले, आणि त्या बेटावरच्या चहाच्या लागवडीचा आरंभ त्यापासूनच झाला.

त्याच्या घरी आता एक स्त्रीही होती. तिचे नाव कुसुमोतो ताकी. आदराने ओताकी-सान म्हणत. वय सोळा-सतरा. देजिमावर डच स्त्रीस यावयाची बंदी होती, आणि जपानी स्त्रियांपैकी केवळ गणिका म्हणून ज्यांची नोंद असे त्यांनाच पूल ओलांडता येई. ताकीची नोंदही तशीच होती, सोनोगी या नावाने. ती खरोखर त्या धंद्यात होती की डॉक्टरच्या घरी जाता यावे एवढ्यासाठी ते नाव लावले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला विचाराल तर त्या वादाने तिच्या पुढल्या आयुष्यात काडीचाही फरक पडत नाही. १८२७ च्या वसंतात त्यांना मुलगी झाली. तिचे नाव इने.

याच वर्षी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, एक ग्रंथ छापला गेला. त्यात केवळ दुरंगी पानांच्या झाडांची चित्रे होती, आणि दोन वर्षांनी तसाच आणखी एक निघाला. पानावर पांढरा-पिवळा पट्टा आला की जपानी लोक त्यावर लुब्ध होत. अशी रोपे जपून वाढवीत, त्यांची प्रदर्शने भरवीत, त्यांना मोठ्या किमती येत. आपल्याला वाटते की झाड म्हणजे फूल. त्या लोकांनी पानालाच फुलाचा मान दिला होता. होस्टा हे त्यांच्या आवडीचे झाड. त्यांच्या भाषेत त्याचे नाव गिबोशी. पुलाच्या कठड्याच्या खांबांवर कांद्याच्या आकाराची कळशी बसवतात तिचे हे नाव, कारण या झाडाचा कळ्यांचा झुबका तसा दिसतो. डोंगरात ओढ्याकाठी, खडकांच्या सांदीत, झाडांच्या सावलीत ते आपोआप वाढते. आणि गंमत म्हणजे त्याचे कोवळे कोंब तेथील बायका वसंतात खुडून आणतात, उकडतात आणि मिसोत कालवून खातात. आपल्याकडे पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डूची भाजी येते, तशीच ही. ज्याच्यासाठी युरोपातल्या हौशी लोकांनी पुढे एवढे पैसे मोजले ते झाड जपानी सासुरवाशिणीला भाजीपाला म्हणून ठाऊक होते!

१८२६ साली डच वकिलातीबरोबर झीबोल्टला एदोपर्यंत जाण्याची संधी मिळाली. दर चार वर्षांनी डचांनी शोगुनास नजराणा द्यावयाचा असे. वाटेत त्याने डोंगर मोजले, पाणी मोजले, रोपे गोळा केली. एदोस शोगुनांचे राजज्योतिषी ताकाहाशी कागेयासु त्याला भेटले. ज्योतिषांना जगाच्या सफरींचे नवे ग्रंथ हवे होते, आणि झीबोल्टला हवे होते जपानचे नकाशे. नकाशा परकीयास देणे म्हणजे देहान्ताचा अपराध. तरी देवघेव झाली. दोघेही ज्ञानाचे भुकेले, आणि भुकेपुढे शहाणपण चालत नाही.

ती १८२८ मध्ये उघडकीस आली. वादळात किनाऱ्याला लागलेल्या जहाजात नकाशे सापडले, अशी गोष्ट पुष्कळ वर्षे सांगितली जाई. परंतु संशयाची सुरुवात झाली ती झीबोल्टने एका जपानी भूगोलतज्ज्ञास पाठवलेल्या पुडक्यापासून. त्या गृहस्थाने ते न उघडताच अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. मग धरपकड झाली. पन्नासाहून अधिक माणसे पकडली गेली. दुभाषे, वैद्य, शिष्य. राजज्योतिषी तुरुंगातच वारले, आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्यांचे प्रेत मिठात घालून ठेवले होते. निकाल लागला तो देहान्ताचा. झीबोल्टची महिनोन्‌महिने चौकशी चालली. शेवटी आज्ञा झाली की याने देश सोडावा आणि पुन्हा पाऊल ठेवू नये.

येथे मला थांबावेसे वाटते. नकाशे त्याने मागितले, आणि मेला दुसराच. लायडनला त्याच्या वस्तूंचा संग्रह पाहताना हे मनातून जात नव्हते. त्याने तुरुंगातल्या मित्रांसाठी पुष्कळ रदबदली केली, सगळा दोष आपल्या माथी घेण्याची तयारी दाखविली, हेही खरे. पण परकीयाला हद्दपार करता येते. घरच्या माणसाला शिक्षा भोगावी लागते.

१८२९ च्या अखेरीस त्याचे जहाज निघाले. जपानी स्त्रीला देशाबाहेर जाण्यास सक्त मनाई होती आणि परकीयापासून झालेल्या मुलालाही. ताकी बावीस वर्षांची होती आणि इने अडीच वर्षांची. त्याने त्या दोघींना शिष्यांच्या हवाली केले आणि त्यांच्या खर्चाची तजवीज केली. त्या दोघींची चित्रे शिंपल्याच्या जडावात बसवलेली एक काळी लाखेची डबी आहे. ती आज नागासाकीच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. झाकणावर एका बाजूस आई, दुसऱ्या बाजूस मूल.

जहाजावर मात्र झाडे होती. आता विचार करा, जावामार्गे आफ्रिकेला वळसा घालून अर्ध्या वर्षाचा प्रवास. वर खारे वारे, खाली उंदीर, आणि पिण्याच्या पाण्याचा एकेक थेंब मोजून मिळावयाचा. रोपे न्यावयाच्या काचेच्या पेट्या तोवर प्रचारात आल्या नव्हत्या. नाजूक जातीची झाडे वाटेत गेली. होस्टा तगले, आणि का तगले ते समजून घेण्यासारखे आहे. हिवाळा आला की हे झाड वरची सगळी पाने टाकून देते आणि जमिनीतल्या गड्ड्यात झोपी जाते. झोपलेला गड्डा ओलसर मातीत गुंडाळून ठेवला तर महिनोन्‌महिने राहतो. आपली हळद नाही का राहत!

१८३० च्या उन्हाळ्यात तो युरोपास पोचला आणि लगेच बेल्जियममध्ये बंड झाले. त्याची रोपे घेंट शहराच्या वनस्पती-उद्यानात लावलेली होती. ती सरहद्दीपलीकडे अडकली, आणि तो हॉलंडात. त्याचा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह तेवढा लायडनला पोचला. जिवंत झाडे परत मिळवावयास त्याला बरीच वर्षे लागली, आणि मधल्या काळात घेंटच्या माळ्यांनी त्यांची मनसोक्त विक्री केली. म्हणूनच ही झाडे युरोपभर इतक्या लवकर पसरली, असे म्हणावयास हरकत नाही.

लायडनला रापेनबुर्ग नावाच्या कालव्याच्या काठी त्याने घर घेतले. आज तेथे त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. त्याने जपानवर प्रचंड ग्रंथ लिहिला, वनस्पतींवर दुसरा, प्राण्यांवरचा तिसरा इतरांकडून लिहवून घेतला. गावाबाहेर जमीन घेऊन रोपवाटिका काढली, १८४२ साली बागाइतीच्या उत्तेजनासाठी एक मंडळ स्थापिले, आणि छापील याद्या काढून जपानी झाडे विकू लागला. त्या याद्यांत होस्टाच्या कितीतरी जाती आहेत. तेव्हा त्यांना फुंकिया म्हणत. काही साध्या, काही दुरंगी. नागमोडी कडांच्या पानांत मधोमध पांढरा फराटा असलेली एक जात आहे. ती जपानच्या रानात कोठेच सापडत नाही. ती कोणा जपानी माळ्याच्या हौसेने जपलेली. आणि सर्वांत मोठ्या पानांची, निळसर झाक असलेली जी जात, तिला वनस्पतिशास्त्रज्ञांनी याचेच नाव दिले: होस्टा झीबोल्डियाना. तिच्या पानावर जांभळावर असतो तसा पांढुरका मेणाचा थर असतो, म्हणून ती निळी दिसते. बोट फिरवले की तो जातो. मी फिरवले, आणि मुलीचे बोलणे खाल्ले.

त्याच्या सगळ्याच झाडांनी पांग फेडले असे मात्र नाही. जपानातून आणलेल्या एका उंच, पांढऱ्या तुऱ्यांच्या झुडपाला १८४७ मध्ये उट्रेख्टच्या बागाईत संस्थेने सुवर्णपदक दिले. आज तेच झुडूप युरोपभर घरांच्या पायांतून आणि रस्त्यांतून उगवते, आणि ते काढता काढता नगरपालिका टेकीस आल्या आहेत. आपल्याकडे घाणेरी आणि जलपर्णी अशाच शोभेच्या म्हणून आल्या होत्या.

एका झाडाचे नाव मात्र त्याने मनातून ठेवले. हायड्रेंजियाच्या निळ्या गुच्छांच्या एका जातीला त्याने ओताक्सा असे नाव दिले, आणि जपानी लोकांत हेच नाव चालते असे ग्रंथात लिहिले. पुढे जपानी शास्त्रज्ञांनी शोध केला तर हे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा उलगडा झाला की हे ओताकी-सान. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ माकिनो यांना हे मुळीच रुचले नाही. शास्त्राच्या नावात असले खासगी काही आणावयाचे नसते, हे त्यांचे म्हणणे नियमाला धरूनच होते. नागासाकीकरांनी मात्र तेच फूल आपल्या शहराचे फूल मानले आहे.

ताकीने पुढे दुसरे लग्न केले. झीबोल्टनेही १८४५ साली एका जर्मन सरदारघराण्यातील हेलेने फॉन गागर्न हिच्याशी विवाह केला, आणि त्यांना पाच मुले झाली. त्याला दोष द्यावा की न द्यावा, हे वाचकभगिनींनी आपल्यापुरते ठरवावे.

आता इनेकडे वळते, कारण खरे म्हणजे तिच्यासाठीच मी हे चरित्र निवडले.

परकीय बापाची, निराळ्या रंगाच्या डोळ्यांची मुलगी. गावात तिला डच इने म्हणत. तिच्या मनाने घेतले की आपण वडिलांची विद्या शिकावयाची. झीबोल्टचा एक निष्ठावंत शिष्य निनोमिया केइसाकु दूर शिकोकू बेटावर वैद्यकी करीत होता. विशीच्या आत ती त्याच्याकडे गेली आणि वैद्यकाची मुळाक्षरे शिकली. बाळंतपणाचे शास्त्र शिकण्यासाठी त्याने तिला ओकायामा येथे वडिलांच्याच दुसऱ्या एका शिष्याकडे पाठविले. तेथे काही वर्षे शिकली, आणि त्याच गुरूने तिच्यावर अत्याचार केला. १८५२ मध्ये तिला मुलगी झाली. कोठे दाद मागावयाची सोय नव्हती. ती मुलीला घेऊन आईकडे परतली, आणि काही काळाने पुन्हा शिकावयास निघाली. मला या स्त्रीच्या आयुष्यातला हा दुसरा प्रवास पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. पहिल्या वेळी पुढे काय वाढून ठेवले आहे हे तिला माहीत नव्हते.

ती डच भाषा शिकली. पुढे नागासाकीस आलेल्या डच डॉक्टर पोम्पे यांच्याकडे नवे वैद्यक शिकली. तोवर जगच पालटले होते. १८५३ मध्ये अमेरिकन आरमार जपानच्या दारात येऊन उभे राहिले, दारे उघडली, आणि झीबोल्टवरची बंदीही उठली.

१८५९ च्या ऑगस्टमध्ये, तीस वर्षांनी, तो नागासाकीस परत उतरला. वय त्रेसष्ट. बरोबर बारा-तेरा वर्षांचा मुलगा आलेक्झांडर. ताकी बावन्न वर्षांची झाली होती आणि इने बत्तीस. भेट झाली तेव्हा बापाला जपानी नीट येत नव्हते आणि आईला डच येत नव्हते. मधे बोलावयास मुलगीच होती. तिने वडिलांची व्यवस्था पाहिली, धाकट्या सावत्र भावाला जपानी शिकण्यास मदत केली. पण सगळेच गोड झाले नाही. तीस वर्षांची पोकळी तीन वर्षांत भरत नाही, आणि म्हाताऱ्याचा स्वभावही सोपा नव्हता. शोगुनांच्या दरबाराने त्याला सल्लागार म्हणून बोलावले आणि लवकरच रजा दिली. १८६२ मध्ये तो पुन्हा झाडांच्या पेट्या भरून युरोपास निघाला. पुढल्याच वर्षीच्या त्याच्या यादीत नव्या जपानी रोपांची मोठी भर आहे. १८६५ मध्ये ताकी वारली. १८ ऑक्टोबर १८६६ रोजी म्यूनिक येथे झीबोल्टही गेला. त्याची समाधी बौद्ध स्तूपाच्या घडणीची आहे.

इने त्यानंतर सदतीस वर्षे जगली. तिचे डच भाषेचे गुरू ओमुरा मासुजिरो पुढे नव्या सरकारात मोठ्या पदावर गेले. १८६९ मध्ये त्यांच्यावर मारेकऱ्यांनी हल्ला केला, तेव्हा अखेरपर्यंत शुश्रूषा करावयास इने होती. नंतर टोकियोत त्सुकिजी भागात तिने प्रसूतीचा दवाखाना काढला. १८७३ मध्ये सम्राटांच्या राजवाड्यातून बोलावणे आले. त्या प्रसूतीत मूल मृत जन्मले आणि काही दिवसांनी माताही गेली. एवढ्या मानाच्या कामात असे यश यावे, हे दुर्दैव. तरी तिचे काम चालू राहिले. मग सरकारने वैद्यकीच्या परीक्षा सुरू केल्या आणि त्यांना स्त्रियांना बसू दिले नाही. दार उघडले तेव्हा तिचे वय साठीकडे झुकले होते. ती परीक्षेस बसली नाही. पाश्चात्त्य वैद्यक करणारी जपानची पहिली स्त्री म्हणून आज तिचे नाव घेतात. २६ ऑगस्ट १९०३ रोजी ती वारली.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे, नऊवारीतले, शेजारी किमोनोतली एक जपानी विद्यार्थिनी. ती ओकामी केइ. ते छायाचित्र काढले गेले त्या १८८५ सालात इने नागासाकीस होती.

आता हेगच्या अंगणातल्या त्या बेटाकडे येते. त्याच्या नावाची चिठ्ठी मातीत रोवलेली होती: फ्रान्सिस विल्यम्स. मॅसॅच्युसेट्सच्या विंचेस्टर गावातील या बाई बागेची आखणी रीतसर शिकलेल्या होत्या. १९३६ साली कनेटिकट राज्यातल्या ब्रिस्टल येथील एका रोपवाटिकेत त्या गेल्या असता बियांपासून वाढवलेल्या झीबोल्डियानाची रांग पाहत होत्या. सारी पाने निळसर हिरवी, आणि एकाच रोपाला पिवळा काठ. माळ्यांनी त्याकडे लक्षही दिले नव्हते. बाईंनी ते घरी नेले, वाढविले, गड्डे फोडून ओळखीच्यांना दिले. एक ऑक्सफर्डच्या उद्यानात गेले, आणि तेथील रॉबिन्सन यांनी १९६३ मध्ये त्याला बाईंचे नाव दिले. १९६९ मध्ये बाई वारल्या. आज जगातील सर्वांत परिचित मोठ्या दुरंगी होस्टांपैकी हा एक.

हा दुरंगी काठ बियांतून उतरत नाही. पानाच्या काठाकडचा थर एका प्रकृतीचा असतो आणि आतला दुसऱ्या. बी आतल्या थरापासून धरते. म्हणून बी पेरले तर साधी रोपे येतात. काठ टिकवावयाचा तर गड्डाच फोडून हातोहात द्यावा लागतो. तेव्हा फ्रान्सिस विल्यम्सचे प्रत्येक झाड हे मुळी त्या १९३६ च्या रोपाचाच तुकडा. आणि बेटात कधी एखादा कोंब संपूर्ण हिरवा निघाला तर तो तेव्हाच कापून काढावा, कारण हिरवा भाग जोमाने वाढतो आणि दुरंग्याला दाबून टाकतो.

मुलीच्या शेजारीणबाईंनी जपणुकीची रीत सांगितली ती लिहून ठेवली आहे. सावली हवी, पण काळोख नको. पानगळीच्या उंच झाडाखाली कवडसे पडतात तसली जागा सर्वांत चांगली. पिवळ्या काठात हिरवा रंग कमी, त्यामुळे वसंतातल्या कोवळ्या पानांवर कडक ऊन पडले तर काठ करपून तपकिरी होतो. या जातीचा हा मोठाच दोष आहे. माती पालापाचोळ्याच्या खताने भुसभुशीत ठेवावी, पाणी भरपूर द्यावे, पण गड्ड्याच्या तोंडावर खत रचू नये, कुजते. बिनशंखाच्या गोगलगायी रात्रीतून पानांची चाळण करतात. बाई विजेरी घेऊन जातात आणि वेचतात. आणि धीर धरावा. लावल्यावर पाच वर्षे तरी झाड आपले खरे रूप दाखवत नाही.

एक तुकडा पुण्यास आणावा असा मला मोह झाला होता, खोटे कशाला सांगू! पण परदेशची माती-मुळे परवान्याशिवाय आणता येत नाहीत. आणि आणून तरी काय, त्याला कडाक्याची थंडी लागते. कित्येक आठवडे गारठा मिळाला नाही तर त्याची झोप होत नाही, आणि झोप झाली नाही तर ते खंगत जाते. आपल्या हवेत आपले अळूच बरे.

परतण्यापूर्वी मुलीने मला विचारले की बेट फार पसरले आहे, काय करू? मी शेजारीणबाईंना विचारून तिला सांगितले: वसंतात कोंबांची टोके वर दिसू लागतील तेव्हा, पाने उलगडण्याआधी, गड्डा सगळा उपसून काढ, धारदार सुरीने दोन भाग कर, प्रत्येकाला दोन-तीन कोंब राहतील असे पाहा, आणि लगेच लाव. या एप्रिलात तिने तसे केले. अर्धा भाग तिच्या दाराशी आहे. दुसरा तिने वरच्या मजल्यावर नव्याने राहावयास आलेल्या एका सीरियन कुटुंबातील बाईंना कुंडीत लावून दिला.